विश्लेषण : १ जूनआधी कपाशी लावू नका, असे का सांगतात? बोरी अरबच्या वावरात दडलेले परिसंस्थेचे गणित

दरवर्षी मे महिना लागला की कृषी विभागाचा एक निरोप विदर्भातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतो. कपाशीची लागवड १ जूननंतरच करा, मान्सूनपूर्व लागवड टाळा. काही हंगामांत तर १ जूनपर्यंत शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकायलाही दुकानदारांना मनाई होती. नंतरच्या हंगामांत विक्रीची तारीख अलीकडे आली, लागवडीचा सल्ला मात्र तोच राहिला.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीकाठी बोरी अरब लागते. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे, वखरणी झाली आहे, बियाण्याची सोय आहे. मग एका तारखेसाठी त्याने थांबायचे कशाला? आठ-दहा दिवस आधी सरकी टोबली तर बिघडते कुठे?

बिघडते ते एका अळीमुळे. आणि ती अळी समजून घ्यायची तर शाळेत 'जैविक घटक, अजैविक घटक' असा दोन रकान्यांचा तक्ता पाठ केला होता, तो पुन्हा काढावा लागतो.

तक्त्यातली उभी रेघ

इंजिनीअरिंगला असताना पर्यावरण अभ्यासाचा एक सक्तीचा पेपर असतो. आमच्यापैकी बहुतेकांनी तो आदल्या रात्री वाचून दिला. डाव्या रकान्यात वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव. उजव्या रकान्यात माती, पाणी, हवा, प्रकाश, तापमान. मध्ये एक रेघ. चार गुण मिळाले, विषय संपला. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंमध्ये काय चालते, हा खरा प्रश्न होता आणि तो कुणी विचारला नाही.

'इकोसिस्टिम' म्हणजे परिसंस्था हा शब्द ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्स्ली यांनी १९३५ मध्ये वापरला. त्याआधी अभ्यासक एखाद्या जागेतल्या झाडांचा किंवा प्राण्यांचा समुदाय वेगळा काढून बघत. टान्स्लींचे म्हणणे असे की, सजीवांना त्यांच्या माती-हवामानापासून वेगळे काढून बघणे ही आपली सोय आहे. निसर्गात ते एकच यंत्रणा म्हणून चालतात. हे सगळे जंगलाला किंवा तळ्याला लागू पडते असे आपल्याला वाटते. कपाशीचे वावरही तशीच एक परिसंस्था आहे, फक्त तिच्यात माणसाचा हात जास्त आहे.

बोरी अरबच्या शिवारातली काळी माती घ्या. ती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा तो लाव्हा. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून एप्रिलमध्ये वावराला हातभर खोल भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये त्याच वावरात पाय रुततो. ओल धरून ठेवण्याच्या या गुणामुळेच वऱ्हाड कापसाचा मुलूख झाला. याच कापसासाठी इंग्रजांच्या काळात यवतमाळपासून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रूळ टाकले गेले. आपण तिला शकुंतला म्हणून ओळखतो.

माती उजव्या रकान्यातली, म्हणजे निर्जीव. पण तिच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा एक. बीटी कपाशीतल्या 'बीटी'चे हे मूळ नाव. म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे जनुक उचलून आपण झाडात घातले आणि त्या झाडाचे पाकीट दुकानात आणले. पऱ्हाटीचा ढीग घेतला तर प्रश्न आणखी अवघड होतो. काड्या मेलेल्या, वाळलेल्या. पण त्यांना लटकलेल्या कवडी बोंडांत अळी जिवंत झोपलेली असते. हा ढीग कोणत्या रकान्यात लिहायचा?

गुलाबी अळीच एवढी का गाजते?

कपाशीवर बोंड खाणाऱ्या मुख्य अळ्या तीन : हिरवी (अमेरिकन), ठिपक्यांची आणि गुलाबी. यातली गुलाबी बोंडअळी मुळात परदेशातून आलेली नवी पीडा नाही. शास्त्रीय नोंदीत तिचे पहिले वर्णन १८४३ मध्ये झाले, तेही भडोचच्या कपाशीवरून. म्हणजे ती इथलीच जुनी रहिवासी.

तिच्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचे सगळे सोपे जाते.

पहिली गोष्ट तिचे जेवण. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. कपाशी नसली तरी तिचे अडत नाही. गुलाबी अळीचे तसे नाही. कपाशी हेच तिचे मुख्य अन्न. भेंडीसारख्या जवळच्या नात्यातल्या पिकावर ती थोडीफार भागवते, पण वावरात फुले-बोंडे नसतील तर तिची पुढची पिढी उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट तिची लपण्याची सवय. मादी पतंग पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांवर शंभर-दोनशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि ती इवलीशी अळी लगेच फुलात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून गुंतल्या जातात आणि फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखे दिसते. त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर शिरलेले भोक बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार, टणक. आत सरकी पोखरली जात असते. शेतकऱ्याला कळते ते बोंड उमलायच्या वेळी, जेव्हा कापूस फुटण्याऐवजी पिवळट कवडी हाती लागते. फवारणीचा थेंब या बंद खोलीच्या आत पोहोचत नाही.

अळीचे घड्याळ

आता उजव्या रकान्याकडे जाऊ. या अळीला कॅलेंडर कोण दाखवते?

प्रकाश आणि तापमान. यवतमाळच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस लहान, रात्री थंड आणि बोंडे पक्व होऊ लागली की शेवटच्या पिढीतल्या अळ्यांचा एक मोठा हिस्सा कोषात न जाता झोपी जातो. याला सुप्तावस्था म्हणतात. ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत बसते, त्या जोडसरक्या म्हणून ओळखता येतात. काही अळ्या वाळक्या बोंडांत राहतात, काही जमिनीच्या भेगांत उतरतात, काही वेचलेल्या कापसाबरोबर घरात आणि घरातून जिनिंगमध्ये जातात. काही महिने न खाता ती तग धरते.

मग उष्मा वाढतो, दिवस मोठा होतो, वळवाचा पाऊस पडतो, मातीत आणि काड्यांत ओल शिरते. झोप मोडते, कोष होतो आणि पतंग बाहेर पडतात. हे सगळे एकाच दिवशी होत नाही. मेपासून पुढे काही आठवडे हळूहळू होत राहते. पतंगाचे आयुष्य मात्र आठवडा-दोन आठवड्यांचे. तेवढ्या दिवसांत त्याला पात्या किंवा फुले सापडली पाहिजेत.

आता तारखेचे गणित मांडा. कपाशीला पात्या यायला लागवडीपासून पाच-सहा आठवडे आणि फुले यायला साधारण दोन महिने लागतात. विहिरीच्या पाण्यावर मेच्या मध्यात लावलेल्या कपाशीला जूनच्या शेवटी पात्या आणि जुलैच्या मध्यात फुले येतात. झोपेतून उठलेल्या पतंगांना ताट वाढून ठेवल्यासारखे. जूनमध्ये पावसावर लावलेल्या कपाशीला फुले येतात ऑगस्टमध्ये. तोवर बाहेर पडलेले बहुतेक पतंग अंडी घालायला जागा न मिळताच मरून गेलेले असतात. कीटकशास्त्रज्ञ याला आत्मघाती उद्भव म्हणतात. नाव भयंकर आहे, पण त्यात खर्च शून्य आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : गावात शंभर जणांनी जूनमध्ये लावली आणि पाच जणांनी मेमध्ये, तर ती पाच वावरे पहिल्या पिढीची पाळणाघरे होतात. चांगल्या हवामानात महिना-सव्वा महिन्यात एक पिढी पूर्ण होते. ऑगस्टमध्ये उरलेल्या शंभर वावरांत फुले लागतात, तेव्हा शेजारून भुकेली फौज तयार असते. म्हणून हा सल्ला एकट्या शेतकऱ्याला नसतो, शिवाराला असतो.

हंगामाचे दुसरे टोक : फरदड

जूनच्या तारखेवर दरवर्षी चर्चा होते. माझ्या मते त्याहून मोठा घोटाळा हंगामाच्या शेवटी होतो, आणि त्यावर बोलणे अवघड आहे, कारण तिथे शेतकऱ्याचे म्हणणेही चुकीचे नाही.

शिफारस अशी की, डिसेंबरअखेर कपाशी संपवा, जनावरे सोडा, काड्या उपटा. पूर्वी हे आपोआप होत असे. कोरडवाहू वावरात ओल संपली की झाड वाळायचे, शेवटचा वेचा व्हायचा आणि उलंगवाडी होऊन गावची गुरे रानात शिरायची. पाणी संपणे, म्हणजे एका अजैविक घटकाचा अभाव, हेच किडीवरचे औषध होते. जानेवारी ते जून या काळात तिला खायला काही नसायचे.

मग विहिरी झाल्या, बोअर झाले, ठिबक आले. जानेवारीत एक-दोन पाणी दिले, थोडा युरिया टाकला की तीच झाडे पुन्हा पालवतात, पुन्हा बोंडे धरतात. ही फरदड. बियाण्याचा खर्च नाही, मशागत नाही, निंदण नाही. हाती लागतील ते दोन-तीन क्विंटल निव्वळ कमाई. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. बाजारात त्याहून कमी मिळाले तरी फेब्रुवारीत हातात येणारे दहा-पंधरा हजार रुपये कुणी सोडून द्यायचे? त्यातून खरीप पावसाने झोडपलेला असेल तर नाहीच. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने यवतमाळसह राज्याच्या मोठ्या भागात उभी पिके गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. सोयाबीन गेलेल्या घरात फरदड हाच शेवटचा आधार असतो.

पण अळीच्या बाजूने पाहिले तर फरदड म्हणजे चालू ठेवलेले जेवणघर. एक-दोन जादा पिढ्या तिथे निघतात आणि झोपी जाणाऱ्या अळ्यांचा साठा वाढतो. उशिराच्या झाडांत बीटी प्रथिनाचे प्रमाणही घटलेले असते, म्हणजे ज्या अळीने मरायला हवे ती अर्धवट मात्रा पचवून जगते. पुढच्या पावसाळ्यातल्या संकटाची बी-पेरणी जानेवारीत होते, विहिरीच्या पाण्यावर.

पऱ्हाटीच्या काड्यांचेही तेच. त्या जाळून किंवा बारीक करून मातीत गाडा, असे पत्रक सांगते. प्रत्यक्षात त्या बायकांच्या डोक्यावरून किंवा बंडीतून घरी येतात आणि गावठाणाच्या कडेला, धुऱ्यावर, गोठ्यामागे रचल्या जातात, कारण गॅसचे सिलिंडर उज्ज्वला योजनेतून आले तरी दर वेळी भरून आणायला पैसे लागतात. त्या ढिगातल्या वाळक्या बोंडांत अळी झोपलेली असते आणि ढीग जूनपर्यंत, कधी त्याहीनंतर, तिथेच असतो. काड्यांचे तुकडे करणारे श्रेडर यंत्र भाड्याने मिळाले तर ट्रॅक्टरवाल्यांचे काम होते, पण चुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. किडीच्या पत्रकात चुलीचा उल्लेख नसतो, ही त्या पत्रकांची मोठी उणीव आहे.

पर्याय नाहीत असे नाही. कमी दिवसांचे वाण, जे १५०-१६० दिवसांत मोकळे होतात. दाट लागवड, ज्यात एका झाडावर थोडीच बोंडे पण एकाच वेळी फुटतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हेच तंत्र विदर्भात लावून धरले आहे. डिसेंबरात वावर मोकळे झाले आणि विहिरीला पाणी असले तर त्याच पाण्यावर हरभरा निघतो, आणि हरभऱ्यावर गुलाबी अळी जगत नाही. कागदावर हे फरदडीपेक्षा फायद्याचे दिसते. पण हरभऱ्याला बियाणे, पेरणी, सोंगणी, मजुरी हा खर्च आधी करावा लागतो, फरदडीला नाही. उधारी फेडणाऱ्या घरात हा फरक सगळ्यात मोठा.

बीटी असताना अळी आली कशी?

बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. सुरुवातीची काही वर्षे तिन्ही अळ्या मेल्या, फवारण्या घटल्या. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी अळीने पहिल्या जनुकाला दाद देणे बंद केल्याचे खुद्द कंपनीने जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत दुसरे जनुकही निष्प्रभ झाले.

यामागेही परिसंस्थेचाच नियम आहे. सगळीकडे विष असेल तर विष पचवणाऱ्या मोजक्याच अळ्या उरतात आणि त्यांचे आपापसात मीलन होऊन तशीच संतती वाढते. हे टाळायला बीटीच्या कडेने थोडी साधी कपाशी लावायची होती. त्या साध्या कपाशीवर विष न पचवणाऱ्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळतील आणि संततीत तो गुण दबेल. यासाठी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे फुकट येत असे. बहुतेकांनी ते लावले नाही. मुद्दाम अळीसाठी वावर सोडायचे, हे पाच एकरवाल्याला कुणी नीट समजावले होते? पुढे साधे बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली; तोवर उशीर झाला होता.

मातीतल्या जिवाणूचे जनुक झाडात आणले, पण झाडाभोवतीची व्यवस्था हिशेबात धरली नाही. मी इंजिनीअर असल्याने मला हे एका ओळखीच्या चुकीसारखे दिसते : एक सुटा भाग उत्तम बनवला, तो कोणत्या यंत्रात बसणार हे पाहिले नाही.

२०१७ : फवारणीचा हंगाम

यवतमाळ जिल्ह्याने याची किंमत २०१७ मध्ये मोजली. त्या वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जण रुग्णालयात गेले. काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला.

त्या वर्षी नेमके काय जुळून आले होते ते पाहा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा कमरेखाली न जाता थेट तोंडावर. हवेत दमटपणा आणि उकाडा, त्यामुळे अंगावर घाम. अंगरखा, मास्क, हातमोजे घालून कुणी काम करू शकत नव्हते, आणि ते बहुतेकांकडे नव्हतेही. बारीक तुषार उडवणारे नवे पंप. रसशोषक किडी आणि अळी या दोन्हींसाठी दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची रीत. यातले एकही कारण एकटे पुरेसे नव्हते. उंच झाड आणि कीड डाव्या रकान्यातली. आर्द्रता, उष्मा, रसायन उजव्या रकान्यातली. आणि फवारणारा मजूर दोन्हींच्या मध्ये.

नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रणही होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधे कीटकाच्या मज्जासंस्थेतले एक विकर अडवतात. तेच विकर माणसाच्या मज्जासंस्थेतही असते. औषधाला अळी आणि मजूर यांत फरक कळत नाही.

मित्रकीटकही कळत नाहीत. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी आणि किडीच्या अंड्यात आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामाची सूक्ष्म गांधीलमाशी हे सगळे वावरातले फुकटचे रखवालदार. जहाल फवारणीत आधी ते मरतात, कारण ते झाडावर उघड्यावर फिरत असतात. अळी तर बोंडात दार लावून बसलेली. रखवालदार गेले की पांढरी माशी वाढते, की पुन्हा फवारणी. पंजाबात २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने कपाशीचे जे नुकसान केले, ते आठवत असेल.

एवढे होऊनही त्या हंगामात गुलाबी अळीने राज्यभर बोंडे पोखरलीच. डिसेंबर २०१७ च्या नागपूर अधिवेशनात कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर झाली. विमा, सरकारी निधी आणि बियाणे कंपन्या असे तिचे तीन हिस्से होते आणि कोणाचा हिस्सा कोणी द्यायचा यावरचा वाद पुढे लांबत गेला.

इथे एक छोटी सूचना, कारण दर सप्टेंबरात हा गोंधळ होतो. बोंड काळे पडले म्हणजे अळीच असे नाही. सततच्या पावसात हवा कोंडली की बुरशी आणि जिवाणूंमुळे बोंडे सडतात. त्यावर अळीचे औषध मारून उपयोग नाही. एकरातून वीस हिरवी बोंडे तोडायची, फोडून पाहायची, दोनपेक्षा अधिक बोंडांत जिवंत अळी असेल तरच फवारणीचा विचार. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर तोही इशारा. सापळ्यातली गोळी मादीच्या गंधाची नक्कल करते आणि नर त्या वासाने येतो. हेही एक रसायनच आहे, पण ते विष नाही.

इतरांनी काय केले?

अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कपाशी पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचे जाहीर केले. बीटी कपाशी तिथेही होती. पण तिच्या जोडीला किरणोत्साराने वांझ केलेले पतंग विमानातून सोडणे, गंधाने नरांना गोंधळात टाकणे आणि हंगाम संपताच काड्या सक्तीने जमिनीत गाडणे हेही होते. मुख्य म्हणजे एका भागातले सगळे शेतकरी एकत्र होते. आपल्याकडे गंधाचे दोरे झाडांना बांधण्याचे तंत्र आले आहे, पण ते सलग मोठ्या क्षेत्रावर चालते. माझ्या एक एकरात नर गोंधळले तरी शेजारच्या वावरात जुळलेली मादी धुरा ओलांडून येतेच. आपल्या शिवारात शंभर एकरांचे तीस मालक असतात. त्यांना एका तारखेवर आणणे वांझ पतंग तयार करण्याइतकेच अवघड आहे.

मे महिन्यातच पाऊस आला तर?

हा प्रश्न २०२५ मध्ये खरोखर उभा राहिला. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी कोकणात पोहोचला. विदर्भातही मे महिन्यात वळीव जोरात झाला. वावरे ओली झाली आणि अनेकांना वाटले, आता १ जूनची वाट पाहण्यात काय अर्थ? मग मान्सून जवळपास पंधरवडाभर अडखळला. घाईने टोबलेल्यांपैकी अनेकांवर दुबार लागवडीचे संकट आले.

अळीच्या दृष्टीने या पावसाचा अर्थ वेगळा होता. मेमध्येच ओल मिळाली की झोपलेल्या अळ्यांना लवकर जाग येते आणि पतंग लवकर बाहेर पडतात. म्हणजे ज्या वर्षी पाऊस आधी येतो, त्या वर्षी थांबण्याचा फायदा कमी नव्हे, जास्त असतो : जितके पतंग मे-जूनमध्ये रिकाम्या रानावर निघतील, तितके ऑगस्टमध्ये कमी. उलट ओल बघून सगळ्यांनी मेमध्येच लागवड केली तर पतंगाची जाग आणि पात्यांची वेळ जवळजवळ जुळते.

१ जून ही तारीख काही निसर्गाने छापलेली नाही. ती सरासरी पावसावर बेतलेली, प्रशासनाला सोयीची तारीख आहे. वळीव आणि मान्सूनच्या तारखा सरकत राहिल्या तर सापळ्यात पतंग कधी दिसू लागतात आणि कधी ओसरतात, हे तालुक्या-तालुक्यात मोजून तारीख ठरवावी लागेल. सापळे स्वस्त आहेत. मोजणारी माणसे हवीत. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात आणि मे महिन्यात तो बियाणे-खताच्या तपासणीत अडकलेला असतो.

त्या आधी करता येण्यासारखे एक काम उरते. नांगरटीने उघडी पडलेली जमीन एप्रिल-मेच्या ४४-४५ अंशांत तापते, भेगांतल्या अळ्या वर येतात, साळुंक्या आणि बगळे नांगरामागे चालतात. वावरातला साठा असा कमी होऊ शकतो. गावठाणाच्या कडेला रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगापर्यंत मात्र नांगर जात नाही, आणि पहिला वळीव आधी त्याच ढिगाला भिजवतो.